बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर

आपल्या काही दोस्तांना हल्ली एक बाप सापडलाय. नाव चरणजित सिंग. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंतला वादक. शंकर-जयकिशनपासून आर. डी. बर्मनपर्यंत सगळ्यांच्या हाताखाली वाजवलेला माणूस. १९८२ साली एच.एम.व्ही.नं त्यांची एक तबकडी काढली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. म्हणजे वर दहा राग आणि खाली डिस्कोचा ठोका, सगळं यंत्रावर. तबकडी खपली नाही. लोक विसरले. आणि आता जगभरातले जाणकार सांगतायत की अ‍ॅसिड हाऊस नावाचं जे संगीत शिकागोत १९८७ साली जन्मलं असं समजलं जातं, ते पाच वर्षं आधीच इथं मुंबईत जन्मलेलं होतं. चरणजित सिंग हे अ‍ॅसिड हाऊसचे बाप.

झालं. आपली पोरं खूश. या अंकात गौरवलेख छापा, मुखपृष्ठावर फोटो टाका, आणि वर ठळक अक्षरात मारा : 'शोध आपला, नाव गोऱ्यांचं'. असा आग्रह चालला होता. अंक त्यापायी आठवडाभर लटकला. लेख आम्ही छापत नाही. का छापत नाही हे सांगायला ही जागा वापरतोय.

दोस्तांनो, त्या मथळ्यातच गफलत आहे. शिकागोतली ती पोरं गोरी नव्हती. काळी होती.

पण आधी तबकडीविषयी बोलू. न ऐकता शिव्या देणं हा धंदा समीक्षकांचा. आम्ही ती ऐकलीय. दोनदा नाही, दहादा. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं. सूर काढायला ज्युपिटर-८, ठोक्याला टीआर-८०८, आणि खालचा खर्ज चालवायला टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी. ही डबी १९८१च्या शेवटी बाजारात आली ती बिचाऱ्या एकट्या गिटारवाल्यासाठी. जोडीला बेस वाजवणारा माणूस नसेल तर ही डबी लाव, असा हिशेब. तिच्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायची सोय आहे. कंपनीनं ती बेस गिटारवाल्याच्या बोटाची नक्कल म्हणून ठेवली होती. चरणजित सिंगांच्या कानाला तिच्यात मींड ऐकू आली. हे साधं काम नाही. जपान्यानं एका कामासाठी बनवलेलं यंत्र हातात घेऊन त्यात आपल्या गळ्यातली जागा सापडणं, याला कान लागतो, आणि तो कान वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चाली वाजवून वाजवून तयार झालेला होता. ललतमधले दोन मध्यम त्या यंत्रावर जेव्हा एकमेकांना घासून जातात तेव्हा अंगावर काटा येतो. यायलाच पाहिजे.

आणि धाडस बघा. राग म्हणजे काय, तर घराणं, गंडा, गुरू, तंबोरा, पहाटेचा प्रहर, रात्रीचा प्रहर. या माणसानं प्रहर-बिहर सगळं खुंटीला टांगलं आणि दहाच्या दहा राग एकाच डिस्कोच्या ठोक्यावर नाचवले. शुद्धतावाल्यांचं यंत्राशी भांडण जुनंच आहे. हार्मोनियममध्ये श्रुती नाहीत म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली ती पेटी बंद केली, ती १९७१पर्यंत बंद ठेवली. आमच्या जलशांत, कव्वालीत, गल्लीगल्लीत जी पेटी वाजत होती ती सरकारी रेडिओला एकतीस वर्षं विटाळ झाली होती. का? तर सूर शुद्ध नाही. हा शब्द कुठून येतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. तेव्हा एखादा माणूस त्या शुद्धतेच्या छातीवर ठोक्याचं यंत्र आणून ठेवतो तेव्हा आम्ही त्याच्या बाजूचे. यात शंका नाही.

तरीसुद्धा दहाही तुकडे सारखेच भारी आहेत असं जे म्हणतात त्यांनी ते दहाही ऐकलेले नाहीत. भैरवी, ललत, कलावती जबरदस्त. मेघमल्हार आणि मालकंस येईपर्यंत ठोका कानात ठाण मांडून बसतो आणि राग त्याच्यावर नुसता फिरत राहतो, कुठं पोचत नाही. यंत्राला समेची ओढ नाही. ते थकत नाही म्हणून वाटही बघायला लावत नाही. ढोलकीवाला तोड्याला येताना जो श्वास रोखून धरतो तो तिथं नाही. अर्धी तबकडी उभी राहते, अर्धी राहत नाही. पहिल्याच वेळी एकट्यानं एवढं उभं केलं हे पुष्कळ झालं. पण 'अजरामर कलाकृती' वगैरे भंकस नको.

आता ही कीर्ती आली कुठून ते बघू.

२००२ साली एदो बाउमान नावाच्या नेदरलँड्सच्या एका संग्राहकाला ही तबकडी दिल्लीच्या दुकानात मिळाली. त्यानं चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढलं. २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलावर ती पुन्हा काढली. तिकडच्या लोकांचा आधी विश्वासच बसेना. काहींना वाटलं ही कुणीतरी आजच्या गोऱ्या संगीतकारानं केलेली चेष्टा असणार, खोटं नाव लावून. मुंबईतला एक सरदारजी १९८२ साली हे करू शकतो हे त्यांच्या डोक्यात मावेना. मग मावलं, आणि मावलं ते इतकं की एकदम त्याला बाप करून टाकलं. आधी 'हा माणूस असूच शकत नाही', नंतर 'हाच सगळ्यांचा बाप'. मधे एक साधी पायरी होती : हा एक चांगला वादक आहे. ती पायरी कुणालाच नको होती, कारण तिच्यावर जाहिरात होत नाही. दुर्मिळ मालाला गोष्ट लागते. गोष्ट नसेल तर तबकडी नुसती जुनी तबकडी असते.

मग आपल्याकडचे पेपर जागे झाले. तिकडून पावती फाडून आल्याशिवाय इकडं माणूस माणूस होत नाही ही जुनी खोड. चरणजित सिंग सत्तरी ओलांडल्यावर युरोपातल्या तरुण पोरांपुढं वाजवून आले, आणि जुलै २०१५मध्ये मुंबईत वारले. ज्या शहरात ते सगळी हयात वाजवत होते त्या शहराच्या वाट्याला ते खऱ्या अर्थानं पाच वर्षं आले, तेही आयात होऊन.

या माणसानं स्वतः कधी म्हटलं नाही की मी अ‍ॅसिड हाऊस काढलं. म्हणणार कसा? १९८२ साली तो शब्दच नव्हता. सिनेमात तेव्हा जिकडं तिकडं डिस्को होता. १९८०चा 'कुर्बानी', १९८१चा नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने', १९८२च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर'. सगळे डिस्को करतायत, आपण वेगळं काहीतरी करू, एवढीच त्यांची गोष्ट. सरळ, कामकरी माणसाची गोष्ट. (त्याच सालच्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरणीचा भोंगा थांबला आणि यंत्राचा ठोका सुरू झाला, अशी ओळ लिहायचा मोह होतो. ते कवितेत बघू. इथं नको.)

आता शिकागो.

शिकागो म्हटलं की आम्हाला मे दिन आठवतो, १८८६चा. आणि आपल्या चळवळीत राहून शिकागो म्हटल्यावर ज्याला फ्रेड हॅम्प्टन आठवत नाही त्यानं पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी. ब्लॅक पँथरचा इलिनॉयचा पुढारी. वय एकवीस. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून त्याला अंथरुणात गोळ्या घातल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुणाचं घेतलं होतं? त्याच गल्लीतून आलं ते नाव. त्या शहरातल्या काळ्या पोरांशी आपलं नातं तबकडीच्या दुकानातलं नाही.

त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ रोजी कॉमिस्की पार्क नावाच्या बेसबॉलच्या मैदानात एका रेडिओवाल्यानं डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकं लावून उडवला. पन्नासेक हजार माणसं, बहुतेक गोरी. डिस्को म्हणजे काळ्यांचं, समलिंगींचं, परप्रांतीयांचं संगीत. त्याची होळी. तिथं माणसांना खुर्च्या दाखवायचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा पोरगा पुढं सांगत आला की लोक डिस्को नसलेल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डीसुद्धा जाळायला घेऊन आले होते. पुस्तकं जाळणाऱ्यांची जात सगळीकडं सारखीच. याच व्हिन्सनं जेसी सॉन्डर्सबरोबर १९८४ साली हाऊस संगीताच्या अगदी पहिल्या रेकॉर्डींपैकी एक केली. होळीच्या राखेतून उठून केली असं म्हटलं तर फार काव्य होणार नाही.

आणि 'हाऊस' हे नाव कशावरून पडलं? वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून. एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत फ्रँकी नकल्स हा काळा डीजे शनिवारी रात्रभर काळ्या, लॅटिन, समलिंगी पोरापोरींना नाचवायचा. वेअरहाऊस म्हणजे गोदाम. आमच्या गोदीतल्या भाषेत सांगायचं तर हे गोदामाचं संगीत. ज्यांना दुसऱ्या कुठल्या दारातून आत घेत नव्हते त्यांचं.

मग ती चंदेरी डबी. टीबी-३०३ साफ पडली. कुणाला बेस गिटारवाल्यासारखी वाटेना. १९८४मध्ये कंपनीनं बनवायचीच बंद केली. जुन्या बाजारात ती मातीमोल मिळू लागली. डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तीन पोरांनी, म्हणजे 'फ्यूचर' या टोळीनं, अशी एक जुनी डबी आणली. नीट वाजवता येईना म्हणून ती चालू ठेवून तिची बटणं पिळत बसले. आवाज चिरकायला लागला, रडायला लागला, कुत्र्यासारखा गुरगुरायला लागला. टेप म्युझिक बॉक्स क्लबच्या रॉन हार्डीला दिली. पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारी माणसं जागा सोडून निघून गेली. त्यानं त्याच रात्री पुन्हा लावली, पुन्हा लावली. चौथ्या वेळी लोक वेडे झाले. १९८७ साली ती 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावानं निघाली. दहा मिनिटांहून लांब, आणि त्यात चाल म्हणावी अशी काही नाही. एक तुकडा फिरत राहतो आणि बदलतो तो फक्त आवाजाचा पोत. बटण हेच गाणं.

फरक इथं आहे. चरणजित सिंग त्या डबीवर राग वाजवतात. त्यांच्या हाताला आरोह आहे, अवरोह आहे, वरती ज्युपिटरवर नीट बांधलेली चाल आहे. शिकागोची पोरं डबीलाच गायला लावतात. यंत्र एक, ठोका जवळजवळ एक, म्हणून आवाज भावंडासारखा लागतो. पण एक काम दुसऱ्याच्या पोटातून आलेलं नाही. या तीन पोरांनी मुंबईची तबकडी ऐकलेली असायचा संभवच नव्हता. ज्याच्यापर्यंत बापाचा आवाज पोचला नाही, पैसा पोचला नाही, नाव पोचलं नाही, त्याला पोरगा कसं म्हणायचं?

आणि मुळात हा बाप शोधायचा सोस कुणाचा? कूळ काय, गोत्र काय, घराणं कुठलं, पहिला कोण. हे प्रश्न आपल्या वस्तीत येऊन कुणी विचारले तर आपल्याला कळतं तो कशाची चाचपणी करतोय. संगीताच्या बाबतीत विचारले की आपण छाती फुगवून उत्तर द्यायला तयार. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. अरे, श्राद्ध घालणं आपण १९५६ साली नागपूरला सोडलं. बाप दाखवायची घाई कशाला?

ज्या साली चरणजित सिंग वारले त्याच सालच्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये वैदिक काळातल्या विमानांवर निबंध वाचला गेला. सगळं आमच्याकडं आधीच होतं, ही ती टेप. 'अ‍ॅसिड हाऊस भारतीय रागांतून जन्मलं' ही त्याच टेपची दुसरी बाजू आहे. नाचायला बरी वाटते म्हणून आपली पोरं तिच्यावर नाचतायत. त्यात चरणजित सिंगांचा मेहनती कान बाजूला पडतो आणि श्रेय जातं हजारो वर्षांच्या संस्कृतीला. आणि ज्या तीन काळ्या पोरांकडं त्या एका आवाजापलीकडं मिरवायला फारसं नव्हतं, त्यांच्या नावावर आपण, पँथरच्या वारशाची पोरं, काट मारणार. शिकागोच्या त्या जमान्याच्या लोकांना तसंही कमी लुटलेलं नाही. ट्रॅक्स कंपनीनं आमच्या रेकॉर्डींचे पैसे दिले नाहीत असा दावा घेऊन लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना २०२० साली कोर्टात जावं लागलं, आणि २०२२मध्ये तडजोड होऊन आपल्याच गाण्यांचे हक्क परत घ्यावे लागले. पस्तीस वर्षांनी.

म्हणून आमचं मत असं की चरणजित सिंगांची स्तुती व्हावी, भरपूर व्हावी, पण त्यांच्या कामाची. दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घालू नका. त्यांना तिची गरज नाही.

त्यांच्यावर लिहायचंच असेल तर वेगळी गोष्ट लिहा. ही एक तबकडी सोडली तर त्यांनी वाजवलेल्या शेकडो गाण्यांपैकी किती गाण्यांवर त्यांचं नाव आहे? फिल्मी रेकॉर्डीवर संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव, नटनटीचा फोटो. वाजवणारे चाळीस-पन्नास जण आत गेले, वाजवलं, पाकीट घेतलं, लोकल पकडली. १९५४च्या 'नागिन'मधली पुंगी अख्ख्या देशानं डोक्यावर घेतली. ती पुंगी नव्हतीच, क्लॅव्हिओलिन नावाचं विजेचं यंत्र होतं, वाजवणारे कल्याणजी. ते पुढं स्वतः संगीतकार झाले म्हणून हे नाव आपल्याला माहीत तरी आहे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक. त्यांचं नाव देशाला कळलं ते शिष्य प्यारेलालनं १९७७ साली एका सिनेमातल्या गाण्यात घातलं म्हणून, तेही लोकांना वाटलं अमिताभचं पात्र आहे. गोदीत माल उतरवणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. मधे हुक लावून ज्यानं ते उचललं त्याचं नाव कुठल्या कागदावर असतं ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

बोरीवली स्टेशनातून बाहेर पडा आणि नॅशनल पार्कातून कान्हेरीला जा. दर रविवारी जाता, पोरीबाळींबरोबर फोटो काढता, यावेळी लेख बघा. तिथल्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलीयत. कल्याणचा सोनार आहे, कल्याणचाच लोहार आहे, भिक्षुणी आहेत. आणि मोठ्या चैत्याच्या लेखात दगड घडवणाऱ्यांचा आणि घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिराचाही उल्लेख आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी बुद्धाच्या माणसांना सुचलं की ज्यानं हात लावला त्याची नोंद पाहिजे. एच.एम.व्ही.ला ते १९८२पर्यंत सुचलेलं नव्हतं.

आणि आपल्याला सुचलंय का? इथं जरा बोचणार आहे.

दहिसर-बोरीवलीपासून विरारपर्यंत आपली पोरं एका खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर, फुकट मिळवलेल्या सॉफ्टवेअरवर जयंतीची रिमिक्स गाणी बनवतायत. यातले काही जण फार चांगले आहेत. हलगीचा ठेका कापून यंत्राच्या ढोलावर असा बसवतात की चरणजित सिंगांनी मान डोलावली असती. दर पंधरा सेकंदांनी गाण्यात स्वतःचं नाव ओरडून घेतात, डीजे अमुक, डीजे तमुक, अमुक नगर. शिकलेले लोक त्याला हसतात. आम्ही हसत नाही. दुसरा कुणी आपलं नाव लावणार नाही हे ज्याला पक्कं माहीत आहे तो ते गाण्याच्या कातडीत गोंदवून ठेवतो. गाणं दहा मोबाईलांतून फिरलं तरी पुसता येत नाही.

पण त्याच गाण्यात वामनदादांचं नाव कुठं गेलं? वामनदादा कर्डक, १९२२ ते २००४. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायची त्यांची रीत. आमचा डीजे पहिल्या दोन ओळी उचलतो, त्याच फिरवत राहतो, आणि शेवटचं कडवं कापून टाकतो, कारण तिथपर्यंत ट्रक पोचतच नाही. नाव ज्या ओळीत आहे तीच ओळ गेली. दोन ओळी उरल्या, त्यांच्यावर डीजेचं नाव चढलं, आणि पोरं समजतात गाणं डीजेचं. एच.एम.व्ही. काय वेगळं करत होती?

तेव्हा येत्या १४ एप्रिलसाठी आम्ही एवढंच करतोय. आपल्या ट्रकवर जे गाणं वाजेल ते लिहिणारा कोण, पहिल्यांदा गाणारा कोण, पेटी-ढोलकीला कोण होतं, यंत्रावर कुणी बसवलं, ही सगळी नावं ट्रकच्या बाजूच्या फळीवर रंगवायची. फळी आणि रंग मिळालेत. नावं अर्ध्या गाण्यांचीच मिळालीत. ज्यांच्या घरात जुन्या कॅसेटी पडून असतील त्यांनी कव्हरं फेकू नयेत, घेऊन यावीत. रात्री नऊनंतर कुणी ना कुणी असतं. डीजे मंडळींनीही यावं, शेवटचं कडवं सोबत घेऊन.